सशाच्या मागावरची वाट

पावसाळा सुरू झाला की पुण्या-ठाण्याकडच्या नातलगांचे फोन येतात. कोणी राजमाचीला जाऊन आलेलं असतं, कोणी घराजवळच्या टेकडीवर. मग ठरलेला प्रश्न येतो : "तुमच्याकडे तर जंगलच जंगल! रोज उठून फिरायला जात असाल ना?"

काय सांगावं? चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल म्हणजे सहज पाय मोकळे करायची जागा नव्हे. ताडोब्यात पर्यटकाला गाडीतून खालीसुद्धा उतरता येत नाही. आणि जे रोज पायी जंगलात जातात, मोहफुलं वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला, ते हौसेखातर जात नाहीत. त्यातला एखादा संध्याकाळी परत येत नाही, ही बातमी आम्ही दरवर्षी वाचतो. जिथे लोक पोटासाठी जीव मुठीत धरून चालतात तिथे 'मॉर्निंग वॉक' हा शब्द जिभेवर येत नाही.

पण आमच्याकडे एक वाट आहे. चढ नाही, दम लागत नाही, माझ्या वयाच्या माणसालाही काठी टेकत जमेल अशी. ती गावातच आहे. चंद्रपूरच्या परकोटाची वाट. आज तिचीच गोष्ट सांगतो.

आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'चांदा'च येतं. गावाचं नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झालं, पण गोंदियाकडून येणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या स्टेशनवर आजही 'चांदा फोर्ट' अशीच पाटी आहे. बाहेरून येणारा मात्र विचारतो, "फोर्ट कुठाय?" कारण त्याला डोंगरावरचा किल्ला हवा असतो. आमचा किल्ला सपाटीवर आहे, आणि तो गावात नाही तर गावच त्याच्यात आहे. तटाची लांबी जवळपास अकरा किलोमीटर सांगितली जाते. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा. मसाण खिडकी कशासाठी हे नावातच आलं. चोर खिडकीचा अर्थ मुलांना विचारला की वर्गात हमखास हशा पिके!

आता तट बांधला कसा, याची कथा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा, काळ साधारण पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंगावरच्या गाठींनी तो बेजार झाला होता. शिकारीला निघाला असता झरपट नदीच्या एका कुंडाचं पाणी त्याला लागलं आणि दुखणं बरं झालं. तिथेच पुढे अंचलेश्वराचं देऊळ झालं. मग एके दिवशी त्याने एक नवल पाहिलं : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला आहे! कुठे सरळ, कुठे नागमोडी अशी त्यांची धाव चालली आणि अखेर कुत्र्याने सशाला मारलं. राजाने घरी येऊन राणी हिरातानीला सांगितलं. ती म्हणाली, ही जागा शुभ आहे, सशाच्या मागावरच नगराचा तट बांधा. जिथे दोघं भिडली आणि जिथे ससा पडला तिथे भक्कम बुरूज घाला. तटाचं काम पुढच्या राजांच्या काळातही चाललं आणि धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत पुरं झालं, असं मानतात. चांद्याचा इंग्रज अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ च्या जमाबंदी अहवालात गोंड राजांच्या अशा दंतकथा नोंदवून ठेवल्या. गोंडांकडचा इतिहास बराचसा तोंडी असल्यामुळे हे टिपण मोलाचं ठरलं.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून एक सांगायला हवं. कुत्र्यावर उलटलेला हा ससा फक्त चांद्याचा नाही. विजयनगरच्या स्थापनेची हीच कथा आहे आणि अहमदाबादचीही हीच. म्हणजे ही गावोगाव फिरणारी कथा आहे. ती जशीच्या तशी खरी मानू नये, हे उघड आहे. पण म्हणून ती टाकूनही देऊ नये. तट इतका वेडावाकडा का, हा प्रश्न तटाखाली राहणाऱ्या माणसाला रोज पडत असणार. खरं उत्तर बहुधा जमिनीत आहे : पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दोन्ही गावाच्या दक्षिणेला एकमेकींना मिळतात. त्या दोघींच्या मधल्या जागेचा आकार तटाने घेतला. आजही इरईला मोठा पूर आला की पठाणपुऱ्याबाहेरच्या सखल भागात पाणी चढतं. बांधणाऱ्यांना ही जमीन पायाखालची होती. आधी कोणीतरी ती चालून पाहिली आणि मग भिंत आली, एवढं तरी त्या कथेत नक्कीच खरं आहे.

दुसरं म्हणजे, दुबळा बलवानावर उलटतो ही कल्पना या राजांना आवडत असावी. दरवाज्यांवर कोरलेलं राजचिन्ह पाहा : हत्तीवर मात करणारा सिंह. अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशहाची सगळ्यात भव्य. ती राणी हिराईने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवून घेतली. (ही हिराई वेगळी, कथेतली हिरातानी वेगळी. दोघींची गल्लत फार होते.) नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर साऱ्या जगाला ठाऊक आहे. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी बाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही.

तटाने गावाला कायमचं वाचवलं का? नाही. १७५१ पर्यंत गोंडांचं राज्य संपून चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. पुढे मोलमपल्लीचा जमीनदार, अहेरीकडच्या जंगलात इंग्रजांशी लढलेला बाबुराव शेडमाके, याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिली. तुरुंगाच्या आवारातल्या त्या पिंपळाला आजही लोक नमस्कार करतात. गोंडांनी आपल्या रक्षणासाठी उभारलेल्या तटाच्या आत एका गोंड वीराला फाशी झाली. ही गोष्ट मनात ठेवूनच ही वाट चालावी, असं मला वाटतं.

तटाच्या माथ्यावरून गस्तीसाठी जो रस्ता असतो त्याला फांजी म्हणतात. पहारेकरी रोज चालत होते तोवर ती फांजी स्वच्छ होती. पहारा संपला, चालणारे गेले आणि झाडझुडूप आलं. मुळं दगडांत शिरली, बुरुजांवर गावाचा कचरा साचला. तोफांनी झालं नाही एवढं नुकसान या न चालण्याने केलं.

२०१७ च्या मार्चमध्ये 'इको-प्रो' या आमच्याकडच्या संस्थेने बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने तटाची सफाई सुरू केली. तरुण मुलं-मुली रोज पहाटे कुऱ्हाड, फावडी, घमेली घेऊन यायची. बुरुजामागून बुरूज मोकळा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या कामाचा उल्लेख केला आणि गावातल्याच कित्येकांना कळलं की आपल्याकडे किल्ला आहे! पुढे रविवारी सकाळी लोकांना तटावरून फिरवून आणण्याचा उपक्रमही सुरू झाला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असूनही काही ठिकाणी घरं तटाला टेकलेली आहेत. सलग अख्खी फेरी होत नाही. त्या घरांतल्या माणसांनी जावं कुठे, हाही प्रश्न खराच आहे. नुसतं 'अतिक्रमण' म्हणून तो सुटत नाही. आणि एक पावसाळा दुर्लक्ष झालं की रान पुन्हा वर येतं. सफाई एकदा करून भागत नाही. पहारेकऱ्यांचं काम आता कोणाला तरी करायला हवं, आणि ते फिरायला येणाऱ्यांशिवाय कोण करणार? ज्या वाटेने माणसं जातात तिथे कचरा टाकायला हात जरा बिचकतो आणि एखादा चिरा निखळला तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतं.

तेव्हा मंडळी, चंद्रपूरला आलात तर ताडोब्याची गाडी दुपारची ठरवा आणि सकाळ परकोटाला द्या. उन्हाळ्यात मात्र सूर्य वर यायच्या आत निघा, आमचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. पायात साध्या चपला चालतील. बरोबर पोरांना घ्या आणि त्यांना सशाची गोष्ट सांगा. खरी-खोटी ती आपली आपण ठरवतील.