दापोलीच्या वाटेवरची तीन रत्ने

मंडळी, ‘भारतरत्न’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो. कुणाला कोणत्या साली मिळाले, एवढे आले की मार्क मिळतो आणि विषय संपतो. आज आपण तो विषय जरा तिथून पुढे नेऊ.

आधी हा सन्मान म्हणजे काय, ते पाहू. 2 जानेवारी 1954 रोजी तो सुरू झाला. पहिल्या वर्षीचे मानकरी तिघे : राजगोपालाचारी, राधाकृष्णन आणि शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन. पदकाचा आकार पिंपळाच्या पानाचा. त्यावर सूर्य आणि देवनागरीत ‘भारतरत्न’ ही अक्षरे. याच्याबरोबर रोख रक्कम नाही, जमीन नाही. इतकेच काय, नावाच्या मागेपुढे पदवीसारखा हा शब्द लावताही येत नाही. आपल्या राज्यघटनेचे अठरावे कलम पदव्यांना मनाई करते. रावसाहेब, रावबहादूर यांचा जमाना तिथेच संपला.

आता नकाशा घ्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीवर बोट ठेवा. या एका लहानशा गावाच्या आसपास तीन भारतरत्नांचे बालपण गेले आहे : महर्षी धोंडो केशव कर्वे, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तिघांच्या वाटा मात्र फार निराळ्या.

कर्वे मुरुडचे. मुरुड हे दापोलीजवळचे समुद्रकाठचे खेडे. घरची स्थिती बेताची. 1875 साली सतरा वर्षांचे धोंडोपंत मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. मोटार नाही, आगगाडी नाही. पावसापाण्यातून, सह्याद्रीचे घाट चढून सुमारे 110 मैल, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर पायी जायचे. मुलगा पोचला. आणि झाले काय? परीक्षेच्या साहेबांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही! अंगाने किरकोळ होता, एवढाच त्याचा गुन्हा. आल्या पावली परत. परीक्षेला बसूही दिले नाही.

गडी डगमगला नाही. मागाहून इंग्रजी शाळेत जाऊन 1881 साली मॅट्रिक झाला, 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला आणि 1891 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. त्याच वर्षी पहिली पत्नी वारली. त्या काळी विधुराने पुन्हा लग्न केले तर कुणाला नवल वाटत नसे. मात्र मुलगी कुमारिका हवी. कर्व्यांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. स्वतःच्या आईवडिलांच्या घरी जाऊन राहायचीही चोरी झाली.

1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजातले काम आटोपले की प्रोफेसर पायी चिखल तुडवीत हिंगण्याला जात. 1916 साली महिलांचे विद्यापीठ सुरू केले, तेव्हा कॉलेजात विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच! लोक हसले असतील. पण 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून उभे आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आणखी एक गोष्ट खास तुमच्यासाठी. 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हा म्हातारा पुन्हा झोळी घेऊन निघाला. कशासाठी? ज्या खेड्यांत शाळाच नाही, तिथे शाळा काढण्यासाठी. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ ते हेच. 1958 साली, वयाला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळाले.

दुसरे काणे. जन्म 1880 सालचा. वडील दापोलीला वकील, तिथेच शिक्षण. मुलगाही पुढे मुंबईच्या हायकोर्टात वकील झाला. पण त्याआधी काही वर्षे रत्नागिरीच्या हायस्कुलात मास्तर होता, हे लक्षात ठेवा. एका जुन्या संस्कृत ग्रंथाची प्रस्तावना लिहावी म्हणून बसले आणि त्या प्रस्तावनेतून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ उभा राहिला. पहिला खंड 1930 साली निघाला, पाचव्याचा शेवटचा भाग 1962 साली. सहा हजारांवर पाने! ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ असे गावात कुणीही ठोकून देतो. कोणत्या ग्रंथात, कोणी, कोणत्या काळात सांगितले आणि ते बदलत कसे गेले, हे काण्यांनी पुराव्यानिशी मांडले. 1963 साली ते भारतरत्न झाले.

तिसरे बाबासाहेब. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्याला गेले. तेच सातारा, जिथून कर्वे परतले होते! 1901 साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनावर उतरले. चांगले कपडे घातलेली मुले, पण जात कळताच कुणी गाडीवान गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे दिले आणि मुलांनीच बैल हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला. बरोबर जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी नव्हते आणि वाटेत कुणी दिलेही नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

या दोन प्रवासांकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. कर्व्यांवर अन्याय झाला खरा. पण वय वाढले की त्यांना परीक्षेला बसता येणार होते. भीमरावाची जात काही वयाबरोबर वाढून बदलणार नव्हती. म्हणून त्याला नुसती परीक्षा पास होऊन भागण्याजोगे नव्हते. 1927 साली, दापोलीहून फार दूर नसलेल्या महाडच्या चवदार तळ्यावर, त्याने पाण्याचा हक्क बजावला आणि पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. 1956 साली ते गेले. भारतरत्न जाहीर व्हायला 1990 साल उजाडले. सन्मान कधी कधी असा उशिरा पोचतो.

खरे सांगायचे तर, थोरांचे कामही एकदम पूर्ण नसते. कर्व्यांच्या आश्रमाचे दार आरंभी मुख्यतः ब्राह्मण विधवांनाच उघडे होते. पण जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला तोही त्यांनीच, 1944 साली. शंभरीकडे झुकलेला माणूस आपले दार आणखी रुंद करू पाहतो, ही गोष्ट मला पदकापेक्षा मोठी वाटते. आणि ज्यांना पदक मिळालेच नाही त्यांचे काय? गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पिंपळाच्या त्या पानावर असे किती हात असतात!

गुरुजी, उद्या वर्गात यादी जरूर पाठ करून घ्या. त्यात 1983 सालचे विनोबा येतील, 2001 सालच्या लता मंगेशकर येतील, 2014 सालचा सचिन तेंडुलकरही येईल. पण यादी झाली की एकदा वर्गावर नजर फिरवा. अंगाने किरकोळ म्हणून मागे बसवलेला कोण आहे? पाण्याच्या माठाशी जायला बिचकणारा कोण आहे? शाळा मध्येच सोडून घरी बसलेली मुलगी कोणाची आहे? साताऱ्याच्या त्या साहेबांना समोर कोण उभे आहे ते कळले नाही. आपल्याला कळेलच असे नाही. पण कळत नाही म्हणूनच एकाही मुलाला दारातून परत पाठवू नये.