लोणारचे वारस

‘वारसा’ हा शब्द मराठीत अरबीतून आला, आणि ‘वारस’ हा शब्दही त्याच कुळातला. वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. सांस्कृतिक वारशाविषयी बोलताना मात्र आपण तो टाळतो, असे आम्हांला वाटते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

श्रद्धावंतांच्या लेखी ते लवणासुराचे स्थान. विष्णूने त्याचा वध केला आणि गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला लोणार आठवते ते ‘लीळाचरित्रा’मुळे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘ऐन-इ-अकबरी’ने तिथल्या पावित्र्याबरोबर उत्पन्नाकडेही पाहिले. काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये आणि क्षारांवरचा महसूल हेही तिने नोंदवले. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते बेसॉल्ट खडकातील आघात-विवर असल्याचे दाखवले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांतही एकमत नाही. कोणी सुमारे ५२ हजार वर्षे म्हणतो, तर कोणी पावणेसहा लाखांच्या आसपास.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. संशोधकांनी त्याचे कारण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ ठरले. पाणथळ जागेचे रक्षण करायचे तर माणसांचा वावर आवरावा लागतो, आणि काठावरच्या कमळजा देवीची नवरात्रातली यात्रा तर माणसांनीच भरते. दोन्ही वारसदार खरे आहेत. त्यांच्यातला वाद अडाणीपणा विरुद्ध विज्ञान असा मांडणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

त्याहून मोठा प्रश्न तिसऱ्याचा आहे. ज्या क्षारांवर महसूल मिळत होता ते चिखलात उतरून कोणीतरी गोळा केलेच असणार. देवाला पुराण मिळाले, दगडाला शोधनिबंध मिळाला, महसुलाला दप्तर मिळाले. त्या हातांना यांपैकी काहीच मिळाले नाही. शेताची वाटणी झाली की प्रत्येकाचा हिस्सा घटतो. सांस्कृतिक वारशाचे तसे होत नाही, तो वाटल्याने कमी होत नाही. म्हणूनच ज्यांची नावे या सातबाऱ्यावर कधी चढलीच नाहीत, त्यांची नोंद करायला आपल्याला कोणाचाही हिस्सा काढून घ्यावा लागणार नाही.