दौलताबादी कागद आणि जपानी ठिगळ

आमच्या सोनपेठच्या जुन्या घरात मोडी कागदांचा एक रुमाल होता. देण्याघेण्याच्या नोंदी, बांधाच्या भांडणाचे दोन-तीन कागद, एक जन्मपत्रिका. हा कागद दौलताबादी आहे, जपून हाताळा, असे आजोबा बजावून सांगत. पुढे मी इतिहास शिकवू लागलो आणि नव्या हौसेने त्या फाटक्या कागदांना पारदर्शक चिकटपट्ट्या लावून मोकळा झालो! दहा-बारा वर्षांत पट्ट्या पिवळ्या पडल्या, गोंद कागदात मुरला, आणि एक पट्टी सोडवायला गेलो तर अर्धी ओळ तिच्याबरोबर निघून आली. चूक सर्वस्वी माझी. जाणकारांना विचारले, तेव्हा समजले की अशा कागदाला गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावायचा असतो. मला नवल वाटले. मराठवाड्यातल्या कागदाला ठिगळ जपानचे कशाला?

खरे पाहता ही दोन्ही एकाच घरची लेकरे आहेत. कागदाची कला मूळची चीनची. तिची एक वाट कोरियातून जपानला गेली. दोंचो नावाच्या भिक्षूने इ. स. ६१० मध्ये ती तिथे नेली, अशी जपानी परंपरा आहे. दुसरी वाट आठव्या शतकात समरकंदला पोचली आणि तिथून इराण, अरबस्तान करीत हिंदुस्थानात उतरली. आपला ‘कागद’ हा शब्दसुद्धा फारसीतून आलेला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला राजधानी आणली, तिचे दौलताबाद केले. त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे आले आणि खुलदाबादच्या वाटेवर कागझीपुरा वसला, असे सांगतात. तुघलकाच्या त्या खटाटोपाला आपण हसतो. पण बरं का, राजधानी परत गेली तरी कारागीर मागे राहिले!

ते काय करीत? जुने दोर, गोणपाट, तागाच्या चिंध्या चुन्यात भिजवून कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. मग तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर झेलायचा. ओले ताव गुळगुळीत भिंतीवर वाळवायचे, खळ द्यायची आणि दगडाने घोटायचे. बोरू सरसर चालावा, शाई फुटू नये, यासाठी ही घोटाई. जपानी माणूस चिंध्यांच्या वाटेला जात नाही. तो कोझो झाडाची साल राखेच्या पाण्यात शिजवतो, आणि हौदात भेंडीच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळाचा बुळबुळीत रस घालतो. त्यामुळे लांब धागे पाण्यात सारखे पसरतात. ‘तेंगुजो’ नावाच्या कागदाचे वजन चौरस मीटरला पाच ग्रॅमही भरत नाही. खालचे अक्षर तसेच दिसते, आणि कागद मात्र धरून ठेवतो.

ही झाली करणी. आता गिऱ्हाइकाचे. दौलताबादी कागदाचे गिऱ्हाईक म्हणजे दफ्तर, सावकार, जोशी आणि पोथी लिहिणारा. जुन्नरी कागदाचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा स्वस्त कागद आला, छापखाने वाढले, कचेऱ्यांनी पाठ फिरवली आणि कागझ्याच्या दाराशी येणारी पावले थांबली. गिरणीने जपानलाही सोडले नाही. १९०१ च्या सुमारास तिथे हातकागद करणारी अडुसष्ट हजारांवर घरे होती. आज काहीशेच उरली आहेत. पण तिथे पाऊलवाट पुरती बुजली नाही. १९३१ मध्ये लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु यांची आबे एइशिरो या खेड्यातल्या कागदकाराशी गाठ पडली. चित्रकार, ठसे काढणारे, पुस्तके बांधणारे त्याच्यापाशी येऊ लागले. १९६८ मध्ये जपान सरकारने आबेंना देशाचे जिते वैभव म्हणून मान दिला.

त्याच काळातला डार्ड हंटर हा अमेरिकन गृहस्थ मला फार आवडतो. हा गडी कागद पाहायला देशोदेश हिंडला. कागद करणाऱ्याच्या हौदापाशी उभा राहायचा आणि नमुने गोळा करायचा. जपान, कोरिया, चीनच्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९३६ चे, हिंदुस्थानावरचे १९३९ चे. दोहोंत खरे कागद बांधलेले. आपल्याकडे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ पासून हा धंदा उचलून धरला आणि १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या खटपटीने पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. माझ्या मते मात्र या प्रयत्नांत कारागिराला काम मिळाले, तरी त्याचे जुने ठरावीक गिऱ्हाईक परत आले नाही. खादीची टोपी घातलेले पुढारीही चिठ्ठ्या गिरणीच्याच कागदावर लिहीत राहिले!

मी रुमालातला एक कागद घेऊन कागझीपुऱ्याला गेलो होतो. तिथल्या एका वयस्क कारागिराने तो आधी वाचला नाही, की उजेडाकडे धरला नाही. कानाशी नेऊन हलवला, आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग चिकटपट्टीचा डाग बोटाने चाचपला. हे कुणाचे काम, असे त्याने विचारले. मी खाली पाहिले.

आता आठ कागदांना जपानी ठिगळ लागले आहे. काजळाची शाई तशीच काळी आहे. गेलेली अर्धी ओळ मात्र गेलीच. तिच्यात बांधाचे माप होते.