भाला, वारा आणि विक्रम

हैदराबादच्या गचीबावली भागातील बालयोगी क्रीडांगण २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिले. २००३ साली याच नगरीत झालेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धांत अंजू बॉबी जॉर्ज यांनी लांब उडीचे सुवर्णपदक मिळविले. लांब उडीच्या वेळी वाऱ्याचा वेग मोजला जातो. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरहून अधिक असल्यास विक्रम ग्राह्य धरीत नाहीत. भालाफेकीस मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. हा भेद का, असा प्रश्न आम्हांस पडला.

धावणाऱ्यास पाठीचा वारा साह्य करतो, समोरचा वारा अडवितो. तेथे हिशेब सरळ आहे. भाल्याचे तसे नाही. समोरचा वारा त्याला रोखतो, तसाच उचलूनही धरतो. त्यातून लाभ की हानी, हे भाल्याच्या घडणीवर आणि फेकीच्या कोनावर ठरते. म्हणून जाणता खेळाडू समोरच्या वाऱ्यात टोक खाली ठेवतो आणि पाठीच्या वाऱ्यात फेक थोडी उंच घेतो.

१९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी १०४.८० मीटर फेक केली, तेव्हा मैदानच अपुरे पडू लागले. जुना भाला हवेवर तरंगत जाई आणि पुष्कळदा आडवाच पडे. टोक आधी टेकले की नाही, यावरून वाद होत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकविण्यात आला. भाला लवकर खाली झुकू लागला आणि विक्रमांची नवी नोंद सुरू झाली. तीत क्लाउस टाफेलमायर यांची त्या वर्षीची ८५.७४ मीटर फेक आरंभी आली. पुढे खडबडीत शेपटीचे भाले निघाले. १९९१ मध्ये त्यांवर बंदी आली व सेप्पो रेटी यांचा ९६.९६ मीटरचा विक्रम रद्द झाला. स्त्रियांचा भाला १९९९ मध्ये बदलला. वाऱ्याला नियमात बांधता येईना, म्हणून नियमकर्त्यांनी आयुधच बदलले, असे या इतिहासाचे सार आम्हांस दिसते.

म्हणूनच नीरज चोप्रा यांच्या २०२५ मधील दोहा येथील ९०.२३ मीटर फेकीची तुलना होन यांच्या फेकीशी करणे न्याय्य नव्हे. हैदराबादेत पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात, हिवाळ्यात ते पूर्वेकडून वाहतात. मैदान तेच, भालाही तोच, तरी कसोटी निराळी. नोंदवहीत केवळ अंतर उरते. त्यामागचा वारा ध्यानात ठेवणे, हे वाचणाऱ्याचे काम आहे.