दोन पॉइंट गार्ड, एक जागा: सॅक्रामेंटो किंग्जची गोष्ट

नाशिकहून बोलतोय. जे बसमध्ये इअरफोन विसरलेत आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे... म्हणजे..." तेवढे कापलेत.

आजच्या विषयाला कारण घडलं ते २०२५ च्या दिवाळीआधीच्या एका रविवारी. मी सुट्टीच्या दिवशी चौदा वर्षांखालच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो, हे तुम्हाला माहितीय. प्रॅक्टिस संपली, सगळे सायकली काढायला लागले, आणि दोन पोरं मागे थांबली. "दादा, पुढच्या टूर्नामेंटला पॉइंट गार्ड कोण?" दोघं एकमेकांचे जिगरी दोस्त. एक वाऱ्यासारखा पळतो. दुसरा तेवढा पळत नाही, पण त्याला पास आपल्या आधी दिसतो. जागा एकच. मी म्हणालो, "दिवाळीनंतर सांगतो." खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं.

घरी येऊन मोबाईल उघडला, तर तिकडे अमेरिकेत सॅक्रामेंटो किंग्जचे फॅन्स हाच प्रश्न घेऊन भांडत होते. एनबीएचा २०२५-२६ चा सीझन ऐन दिवाळीत सुरू होणार होता आणि यांचा पॉइंट गार्ड अजून नक्की नव्हता! म्हटलं, या टीमचा इतिहासच काढू. काढला, आणि थक्क झालो.

आधी पॉइंट गार्ड म्हणजे काय?

ज्यांना बास्केटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी नाशिकच्या भाषेत सांगतो. आपलं ढोल पथक आठवा. गर्दी बघते ढोलाकडे, कारण आवाज तिथून येतो. पण लय कोण धरतं? ताशावाला. त्यानं ठेका बदलला की पन्नास ढोल बदलतात. पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा ताशावाला. बॉल वर आणायचा, कोण कुठे उभा आहे ते बघायचं, वेग कधी वाढवायचा आणि कधी थांबायचं ते ठरवायचं. बास्केट दुसरा कोणीतरी करतो. त्याआधीच्या शेवटच्या पासला म्हणतात असिस्ट, आणि पॉइंट गार्डचा हिशोब बराचसा त्यावर होतो.

आता पथकात दोन ताशेवाले दोन वेगळ्या लयी वाजवायला लागले तर काय होईल, ते मिरवणुकीत तुम्ही ऐकलंच असेल.

सॅक्रामेंटोच का?

कारण या टीमचे मालक आहेत विवेक रणदिवे. आडनाव आपल्याकडचं, जन्म मुंबईचा, बालपण जुहूचं. एमआयटीत शिकायला अमेरिकेत गेले आणि पुढे टिब्को नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढली. २०१० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक झाले. २०१३ मध्ये किंग्ज सिएटलला हलवायचं जवळजवळ ठरत आलं होतं, तेव्हा रणदिव्यांच्या गटानं टीम घेतली आणि ती सॅक्रामेंटोतच राहिली. एनबीए टीमची मुख्य मालकी भारतीय वंशाच्या माणसाकडे जाण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांचा बास्केटबॉलशी संबंध कसा आला, तो किस्सा मला फार आवडतो. माल्कम ग्लॅडवेल या लेखकानं २००९ मध्ये तो लिहिला. रणदिवे आपल्या मुलीच्या शाळकरी टीमचे कोच झाले. स्वतः हा खेळ कधी खेळलेले नाहीत, आणि टीममधल्या बऱ्याच मुली नवख्या. त्यांना एक गोष्ट खटकली: बास्केट झाल्यावर सगळे निमूट मागे का जातात? समोरच्यांना आरामात बॉल वर आणू का देतात? नियमानं बॉल पाच सेकंदांत आत टाकायचा असतो आणि ठरावीक वेळेत अर्धं मैदान ओलांडायचं असतं. मग त्यांनी मुलींना पूर्ण मैदानभर समोरच्यांच्या अंगावर सोडलं. याला म्हणतात फुल-कोर्ट प्रेस. टीम थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली.

यात मारा कोणावर झाला? समोरच्या पॉइंट गार्डवर. ताशा बंद पाडला की पथक बंद. म्हणजे या जागेचं मोल ज्याला पहिल्याच टीमपासून कळलं होतं, त्याच्याच हातात किंग्ज आली. आणि पुढे जे झालं ते बघा.

आधीपासूनचं दुखणं

रणदिव्यांवर सगळं ढकलणं बरोबर नाही, कारण हे दुखणं जुनं आहे. ही टीम आधी रॉचेस्टर रॉयल्स होती. तिचं एकमेव विजेतेपद १९५१ चं. पुढे ती सिनसिनाटीला गेली आणि तिथे १९६० पासून ऑस्कर रॉबर्टसन खेळला. १९६१-६२ च्या पूर्ण सीझनमध्ये त्याची सरासरी ट्रिपल-डबलची होती, म्हणजे पॉइंट्स, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही दहाच्या वर. १९७० मध्ये टीमनं त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. १९७१ मध्ये मिलवॉकी चॅम्पियन!

त्याच १९७० मध्ये टीमला नेट आर्चिबाल्ड मिळाला, टोपणनाव 'टायनी'. १९७२-७३ मध्ये त्यानं सर्वाधिक पॉइंट्स आणि सर्वाधिक असिस्ट, दोन्हींची सरासरी एकाच सीझनमध्ये लीगमध्ये अव्वल ठेवली. ३४ पॉइंट्स, ११.४ असिस्ट. १९७६ मध्ये त्यालाही सोडलं. १९८१ मध्ये तो बॉस्टनकडून चॅम्पियन झाला.

टीम १९८५ ला सॅक्रामेंटोत आली. एकदा मात्र बदल जमला. २००१ मध्ये जेसन विल्यम्सला देऊन माइक बिबीला आणलं, आणि २००२ मध्ये टीम फायनलपासून एका मॅचवर येऊन थांबली. लेकर्सनी सातव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला हरवलं.

मग २००९. ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू क्रमानं निवडण्याची पद्धत. किंग्जचा नंबर चौथा, घेतला टायरिक एव्हान्स. सातव्या नंबरला वॉरियर्सनी घेतला स्टेफ करी. २०१२ ला पाचव्या नंबरवर थॉमस रॉबिन्सन घेतला, सहावा गेला डेमियन लिलार्ड. २०११ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, साठावा खेळाडू म्हणून पाच फूट नऊ इंचांचा आयझया थॉमस मिळाला होता. तो सॅक्रामेंटोत वीस पॉइंट्सच्या सरासरीपर्यंत पोचला. २०१४ मध्ये त्याला जाऊ दिलं. २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून त्याची सरासरी होती २८.९.

त्यानंतर २०१४ ला कॉलिसन, २०१५ ला राँडो, २०१७ ला जॉर्ज हिल. जणू भाडेकरू बदलावेत तसे.

वरळी, ऑक्टोबर २०१९

२०१७ ला पाचव्या नंबरवर डी'एरन फॉक्स आला आणि वाटलं, सुटलो बुवा. वेग असा की समोरचा वळेपर्यंत हा रिंगखाली.

याच फॉक्सची टीम ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत आली होती! भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस. वरळीचा एनएससीआय डोम, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिली मॅच शाळकरी मुलांसाठी होती, ती पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी जिंकली. दुसरी सगळ्यांसाठी. मी आणि माझा मित्र त्या शनिवारी पंचवटी एक्स्प्रेस पकडून गेलो. दोघांचा दोन महिन्यांचा पॉकेटमनी गेला आणि किंग्ज १३०-१०६ हरले. पण वॉर्मअपलाच आमचे पैसे वसूल झाले होते.

त्या दौऱ्यातली दोन नावं लक्षात ठेवा. इंडियानाकडे होता डोमँटस सबोनिस, किंग्जकडे होता बडी हील्ड. पुढे दोघांनी टीम बदलल्या, त्याही एकाच सौद्यात.

फॉक्स की हॅलिबर्टन?

२०२० ला किंग्जना बाराव्या नंबरवर टायरीस हॅलिबर्टन मिळाला. हा पळण्यात फॉक्स नव्हता, पण याला पास आधी दिसायचा. झाले की नाही माझ्या दोन पोरांसारखे? त्यावर २०२१ मध्ये नवव्या नंबरला डेव्हियन मिचेल घेतला, तोही पॉइंट गार्ड.

फेब्रुवारी २०२२. टीम रसातळाला. किंग्जनी हॅलिबर्टन आणि हील्डला इंडियानाला दिलं, बदल्यात मुख्यतः सबोनिस घेतला. हॅलिबर्टन फक्त २१ वर्षांचा होता. फॅन्स भडकले.

इथे आपण घाई करायची नाही. बहुतेक व्हिडिओंमध्ये इथेच "मूर्खपणा!" म्हणून मोकळे होतात. पण पुढच्याच सीझनला काय झालं? नवा कोच माइक ब्राऊन, हातात बॉल फॉक्सच्या, सोबतीला सबोनिस. ४८ विजय. सलग १६ सीझन प्लेऑफ न बघितलेली टीम प्लेऑफमध्ये. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वात लांब दुष्काळ संपला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडायचे. शेवटच्या क्षणांत सर्वोत्तम खेळणाऱ्यासाठी नवा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला, तो पहिला फॉक्सला. सातव्या मॅचमध्ये हरले, तेही कोणामुळे? ५० पॉइंट्स करणाऱ्या स्टेफ करीमुळे. हो, तोच, २००९ ला सोडलेला.

म्हणजे निवड चुकली नव्हती. दोघांतला एक निवडला आणि टीम उभी राहिली. चुकलं ते नंतर. २०२३-२४ ला ४६ विजय मिळूनही प्लेऑफ हुकला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राऊनला काढलं. फॉक्सनं साडेसात वर्षांत पाच कोच बघितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सॅन अँटोनियोला गेला. ज्याच्यासाठी हॅलिबर्टन सोडला, तोच राहिला नाही.

आणि इंडियाना? त्यांनी आल्या दिवसापासून बॉल हॅलिबर्टनला दिला आणि त्याला साजेशी माणसं गोळा केली. जून २०२५ मध्ये ते फायनलला होते. पहिल्या मॅचमध्ये ०.३ सेकंद शिल्लक असताना त्याच्या शॉटनं टीम जिंकली. सातव्या मॅचमध्ये पहिल्याच क्वार्टरला त्याच्या टाचेवरची शीर तुटली आणि ओक्लाहोमा सिटी चॅम्पियन झाली. २०२५-२६ चा सीझन तो बाहेर होता. खेळ असाही असतो.

मग २०२५-२६ ला कोण?

किंग्जकडे २०२५-२६ च्या सुरुवातीला होता डेनिस श्रोडर. तीन वर्षांचा करार. सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीला युरोपचं विजेतेपद मिळवून देताना तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय तेव्हा ३२. दुसरा रसेल वेस्टब्रुक, तेव्हा नुकताच घेतलेला. ऑस्कर रॉबर्टसनचा १८१ ट्रिपल-डबलचा विक्रम २०२१ मध्ये यानंच मोडला. तेव्हा तो ऑस्करच्याच जुन्या टीममध्ये आला होता, पण ३७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर. तिसरा डेव्हन कार्टर, २०२४ चा तेराव्या नंबरचा खेळाडू. त्याचं पहिलं वर्ष खांद्याच्या ऑपरेशननं खाल्लं. शिवाय किऑन एलिस आणि मलिक मंक, दोघंही गरजेला बॉल वर आणू शकत होते.

माझं तेव्हाचं मत? सुरुवात श्रोडरनं करावी, वेस्टब्रुकला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत, आणि कार्टरला रोज ठरलेली मिनिटं मिळावीत, चुका केल्या तरी. दोन अनुभवी माणसं त्या सीझनची भाकरी भाजतील. पण पुढची पाच वर्षं कोणाची, हे ठरवल्याशिवाय पुन्हा भाडेकरूच येत राहतील.

माझी दोन पोरं

मी कॉलेजला असताना आमच्या टीममध्येही दोन पॉइंट गार्ड होते. मी आणि वरळीला सोबत आलेला तो मित्र. सरांनी त्याला निवडलं. त्याचं मला दुःख नव्हतं, शप्पथ. त्रास झाला तो असा, की तीन मॅच झाल्यावर मला आणलं, दोन मॅचनंतर परत त्याला. दोघंही चूक होऊ नये म्हणून घाबरत खेळलो. वर्षाच्या शेवटी दोघांपैकी कोणीच पॉइंट गार्ड राहिलं नव्हतं.

म्हणून ठरवलंय. बॉल पास दिसणाऱ्याकडे जाणार. पळणारा त्याच्या बाजूला, पास घ्यायला. पण त्याहून महत्त्वाचं, दोघांना एकत्र बसवून सांगणार की हे पूर्ण सीझनसाठी आहे. पहिल्या मॅचला सात वेळा बॉल घालवलास तरी आठव्यांदा तोच तुझ्याकडे येईल. आणि दुसऱ्याला, तो का नाही, हे त्याच्या तोंडावर सांगणार. ते सांगणं जास्त अवघड आहे.

चुकलो तर? चुकलो तर चुकलो. ऑस्करपासून फॉक्सपर्यंतची यादी वाचून मला एवढं कळलं, की ताशावाल्याच्या हातातून दर गल्लीत ताशा काढून घेतला, तर मिरवणूक पुढे सरकत नाही.

किंग्जच्या घरच्या मॅचेस बहुतेक आपल्याकडे सकाळी असतात, म्हणजे बरोबर मिसळीच्या वेळेला. बघा, आणि तुमच्या मते पॉइंट गार्ड कोण हवा, ते व्हॉइस नोटवर पाठवा. तुम्हालाही कधी असं दोघांतून एकाला निवडावं लागलं असेल, किंवा तुम्हीच न निवडलेले असाल, तर ती गोष्ट आधी पाठवा.