लव्हक्राफ्टची पत्रे आणि पुण्याचे जोशी

भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात वारला, तेव्हा त्याचा एकही कथासंग्रह निघालेला नव्हता. पत्रे मात्र त्याने हजारोंनी लिहिली होती. ती मित्रांनी जपली म्हणून वाचली. त्यांपैकी ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री यांनी त्याचे साहित्य छापण्यासाठी १९३९ मध्ये ‘आर्कहॅम हाउस’ ही संस्था काढली. तरी निवडक पत्रांचा पहिला खंड यायला १९६५ उजाडले आणि पाचवा निघाला १९७६ मध्ये. डर्लेथ तोवर, १९७१ सालीच, गेला होता. शिवाय पत्रांना बरीच कात्री लागली होती.

पुढे डेव्हिड शुल्ट्झ यांच्या जोडीने पूर्ण पत्रे छापायचे काम अंगावर घेतले ते सुनंद त्र्यंबक जोशी यांनी. जन्म पुण्याचा, १९५८ चा. लहानपणीच अमेरिकेत गेले. लव्हक्राफ्टची हस्तलिखिते जपणाऱ्या ब्राउन विद्यापीठातच शिकले. (आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे नवल वाटते.) या खंडांत लव्हक्राफ्टचा वंशद्वेषही वाचायला मिळतो. तो झाकला नाही, हे मला योग्य वाटते. माणूस कळायचा तर सगळा कळावा.

डर्लेथशी झालेला पत्रव्यवहार २००८ मध्ये दोन खंडांत आला. या दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नव्हती.