‘औषध’ आणि मासा

तापी आणि सातपुडा यांच्या दरम्यान वसलेल्या यावल तालुक्यात केळी-कापसावर फवारावयाच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. हा प्रयोग मराठीत सर्वत्र रूढ आहे. निरुपद्रवी मात्र नव्हे. १९३९ मध्ये पॉल म्यूलर यांनी डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखली; भारतात तिचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला. तोवर क्लोरपायरिफॉससारखी फॉस्फरसयुक्त द्रव्ये रुळली होती. मज्जातंतूंतील संदेश वेळीच थांबविणारे विकर ती निकामी करतात, आणि हे विकर किडीप्रमाणे माशातही असते. मेलेला मासा ओढ्यावर तरंगताना दिसतो. वाढ बिघडलेला दिसत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत, अंडे फलित झाल्यापासून पाचच दिवस क्लोरपायरिफॉस लागलेले झेब्रा मासे मोठेपणीही दिशा ओळखण्यात मागे पडले. ही जात मूळची भारतीय उपखंडातीलच.